दरबारातला काळा दगड

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. सांगताना जीभ अडखळते, पण राजा वाईट नव्हता. दुष्काळ पडला तेव्हा त्याने कोठार उघडलं आणि दर पुनवेला प्रत्येक लेकरामागे पायलीभर धान्य द्यायला सांगितलं. एका गबर सराफाने लबाडीने चार पायल्या जास्त नेल्या. झालं! राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दरबारात एक काळा दगड मांडला आणि हुकूम काढला, "ज्याला धान्य हवं त्याने या दगडावर उभं राहून सगळ्यांदेखत म्हणावं, मला माझी लेकरं पोसता येत नाहीत."

पहिल्या पुनवेला शंभर माणसं आली. दुसऱ्या पुनवेला दहा. तिसऱ्या पुनवेला कुणीच आलं नाही. "राज्यात गरीब उरलाच नाही!" म्हणून राजाने हत्तीवरून साखर वाटली, आणि आम्ही सगळ्यांनी ती खाल्ली.

त्या दिवसापासून राज्यातली लेकरं वाढेनाशी झाली. राजकन्या पद्मरेखा आठ वर्षांची झाली तरी तिला पाचव्या वर्षीचाच परकर बरोबर बसे. दगड मात्र बोट बोट उंच होत चालला. घण मारले, फुटेना. साखळदंड लावून ओढला, हलेना.

मग एके सकाळी महालाच्या खिडकीत भारद्वाज पक्षी येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजा, लेकरांची वाढ तुझ्या दगडाने गिळली आहे. तीन कामं कर. ज्या घराने धान्य नेणं सोडलं, तिथे जेव. का सोडलं ते विचार, आणि उत्तर ऐकताना तोंड उघडू नकोस. मग दगडावर उभा राहून खरं बोल."

राजा मुकुट उतरवून पायी निघाला. गावकुसाजवळ सगुणा बुरडीण राहायची. नवरा वारलेला, दोन मुली, टोपल्या विणून कसंबसं चालायचं. तिने अनोळखी पाहुण्याला बसवलं, अंबाडीची पातळ भाजी आणि अर्धी भाकर वाढली. मुली म्हणाल्या, "आमचं झालं." राजा जेवला. हात धुवायला उठला तेव्हा त्याला रिकामं मडकं दिसलं, रिकामी दुरडी दिसली. पोटात गेलेला घास काही परत देता येईना.

खालमानेने त्याने विचारलं, "बाई, राजाच्या कोठारात धान्य आहे. आणायला का जात नाही?"

"गेले होते, दादा. एकदाच. थोरलीला सोबत नेलं होतं. दगडावर उभी राहिले, म्हणायचं ते म्हणाले. मान काही वर केली नाही. राजा कसा दिसतो तेही मला ठाऊक नाही. घरी आल्यावर पोर विचारते, 'आई, तू काय गुन्हा केलास?' त्यापेक्षा उपास परवडला."

आपला हेतू चांगला होता, असं राजाच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याने ओठ दाताखाली धरला.

दुसऱ्या दिवशी भरदरबारात तो दगडावर चढला. म्हणाला, "राज्यात गरीब आहेत." दगड हलला नाही. म्हणाला, "माझ्या कारभाऱ्यांची चूक झाली." दगड वीतभर वर आला आणि पद्मरेखेच्या पायांतले पैंजण सैल होऊन गळून पडले. लाजेने राजाचे कान तापले. मान खाली घालून तो म्हणाला, "कोठार भरलेलं असून मला माझी लेकरं पोसता आली नाहीत."

दगड जमिनीत गेला. पद्मरेखेचा परकर गुडघ्यापर्यंत आखूड झाला आणि राज्यभरच्या आया मुलांचे कपडे उसवून वाढवायला बसल्या.

नवा हुकूम निघाला. दर पुनवेला धान्य घरोघरी पोचेल, कुणालाही काही विचारायचं नाही.

"त्या सराफाच्या घरीही?" प्रधानाने विचारलं.

"त्याच्याही पोरांना भूक लागते."

सगुणेच्या दारी राजा स्वतः पोतं घेऊन गेला. या वेळी डोक्यावर मुकुट होता. ती गडबडली. "महाराज, तुम्ही होय! थांबा, मुलींना हाक मारते. पाया पडतील."

"नको. मी आलो होतो हे त्यांना सांगू नका."

"मग धान्य कुठून आलं म्हणून सांगू?"

"त्यांचंच होतं म्हणा," एवढं बोलून राजा पाठमोरा झाला.

त्या राज्यातली लेकरं वाढली, तशी तुमच्या-आमच्या घरची वाढोत.