भागुजीचं तक्रारीचं ॲप

कुरणवाडीत भागुजी नावाचा एक भोळा गडी होता. 'जरा थांब' म्हटलं, तर 'जरा' संपला का, हे विचारायला परत यायचा.

गावातल्या शैलाताई फोनची ॲपं बनवत. वरच्या आळीचा नळ महिनाभर कोरडा होता. बायकांना थेट तालुक्याला तक्रार करता यावी, म्हणून ताईंनी तीन महिने खपून एक ॲप लिहिलं. सोमवारी ते ग्रामसभेत दाखवायचं होतं. मदतीला घेतला भागुजी. ताईंचं नशीब!

ताई म्हणाल्या, "हा कंपायलर. आपण लिहिलेलं फोनला कळेल असं करून देतो. लिहिण्यात चूक असली, की पडद्यावर तक्रार करतो. ओपन सोर्स आहे. म्हणजे सगळ्यांना खुला."

भागुजीनं दार सताड उघडलं. शेळी आली आणि बायकांनी लिहून दिलेले तक्रारींचे कागद खाऊन गेली.

"अरे, दार कशाला उघडलंस?"

"सगळ्यांना म्हणालात. शेळी सगळ्यांत येत नाही होय?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "दाराचं सोड. समोर चूक दिसली की काढायची. एवढंच कर."

तेवढ्यात सरपंच आले. भागुजीनं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सरपंच, तुमची गुंडी चुकलीय. टोपी वाकडी आहे. आणि नळाला पाणी सोडायची तारीख तर चौथ्यांदा चुकली."

सरपंच तणतणत गेले. भागुजी आयुष्यात एवढंच शहाणं बोलला, आणि नेमकी त्याचीच ताईंकडून बोलणी खाल्ली.

"कंपायलर दाखवतो त्या चुका रे, माणसांच्या नव्हेत! मोठ्यांनी काही विचारलं की 'हो जी' म्हणायचं."

सोमवारी ताई सभेला पुढं गेल्या. जाताना म्हणाल्या, "कंपायलरची एकही तक्रार उरली नाही, की लॅपटॉप घेऊन ये."

पडद्यावर सात तक्रारी होत्या. खाली प्रश्न होता, 'लिहिलेलं सगळं पुसायचं?'

एवढ्या मोठ्या अक्षरांत विचारतोय, म्हणजे मोठाच असणार. भागुजीनं "हो जी" म्हणत बटण दाबलं.

'नक्की?'

"हो जी."

ॲप गेलं. कंपायलर पुन्हा चालला. आत काहीच नव्हतं, तो तक्रार कशाची करणार?

भागुजी सभेत ओरडत शिरला, "एकही तक्रार नाही!"

सरपंच ताडकन उठले. कोरा पडदा बघून त्यांना भरून आलं. असंच ॲप गावाला हवं होतं म्हणाले, आणि ठराव करून टाकला.

वरच्या आळीची सोजरबाई रिकामी कळशी घेऊन पुढं आली. "पण नळाची तक्रार लिहायची कुठं रे?"

"लिहिता कशाला, मावशी?" भागुजी म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिलंय. लिहिलेलं असतं, म्हणूनच तक्रारी येतात!"