उजवा कौल

फार पूर्वी कुरुंद नावाच्या डोंगरी नगरात महीधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या कुरुंदाईच्या पुजाऱ्याच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुनंद. त्या नगरात लग्न असो, पेरणी असो की म्हैस विकणे असो, देवीचा कौल घेतल्याशिवाय कुणी पाऊल उचलीत नसे. पुजारी देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना एकेक पाकळी पाण्याने चिकटवी आणि प्रश्न विचारी. आधी उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लोक म्हणत, देवी बोलते. बोलत असेलही. पण लोकांचे एकेक प्रश्न ऐकून तिचे कान किटले असतील, हेही खरे.

सुनंदाला एकच लेक, उत्पला. ती डोंगराखालच्या वेळूग्रामात दिली होती.

एका उन्हाळ्यात वेळूग्रामाला वणव्याने वेढले. घरे जळाली, गोठे जळाले. वाचलेली साठेक माणसे पोळलेल्या अंगाने डोंगर चढून कुरुंदच्या वेशीशी आली, कारण त्या वर्षी साऱ्या पंचक्रोशीत पाणी उरले होते ते फक्त नगरातल्या तळ्यात. पहारेकऱ्याने तटावरून त्यांची तोंडे पाहिली, तोंडांवरचे फोड पाहिले, आणि तो ओरडत सुटला, "साथ आली! साथ आली!" झाले. वेस बंद.

खालून माणसे हात जोडून सांगत होती, "अहो, साथ नाही, आम्ही भाजलोय! आधी पाणी द्या!"

"सगळे असंच सांगतात," असे वरून उत्तर गेले.

हातच्या कंकणाला आरसा कशाला? शंभर पावले चालून कुणी जवळून पाहिले असते, तर भाजलेले अंग कोणते आणि रोगाचे कोणते हे सहज कळले असते. पण घाबरलेल्या माणसाला स्वतः बघायचे नसते, त्याला कुणीतरी सांगायला हवे असते. राजा म्हणाला, "देवीला विचारू."

सारे नगर देवळात जमले. सुनंदाने पाकळ्यांचे तबक हातात घेतले आणि परत खाली ठेवले.

"महाराज, माझी लेक बाहेर आहे," तो म्हणाला. "मला कोणतं उत्तर हवंय ते मला पक्कं ठाऊक आहे. मी कौल लावला तर तो देवीचा की बापाचा, हे माझं मलाच कळायचं नाही. धर्मकाला लावू द्या."

धर्मक त्याचा चुलतभाऊ, देवळातला दुसरा पुजारी. लोकांनी माना डोलावल्या. असा निःस्पृह माणूस शोधून सापडायचा नाही, असे एकमेकांना म्हणाले. ते ऐकून सुनंदाला क्षणभर बरे वाटले. त्या बरे वाटण्याची लाज त्याला पुढे जन्मभर पुरली.

धर्मकाने पाकळ्या लावल्या. "आई, वेस उघडावी का?"

उजवी पाकळी पडली.

देवळात कुणी हूं की चूं केले नाही. एरवी म्हशीच्या कौलालाही गजर करणारी माणसे ती! राजा म्हणाला, "पाणी जास्त झालं असेल. पुन्हा लाव." धर्मकाने पुन्हा लावल्या. पुन्हा उजवीच पडली.

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, तुझं विचारणंच चुकतंय. ती या नगराची आई. तिला नगराचं विचार. वेस बंद ठेवावी का, असं विचार."

धर्मकाने एकदा सुनंदाकडे पाहिले, एकदा राजाकडे. त्याची चार लेकरे तटाच्या आत होती. डोळे मिटून त्याने विचारले, "आई, वेस बंद ठेवावी का?"

उजवी पाकळी पडली, आणि उदो उदो करीत सारे देऊळ उठले.

"थांबा!" सुनंद ओरडला. "महाराज, हा पाषाण उजवीकडे कललेला आहे! दहातून नऊ वेळा उजवीच आधी पडते. माझ्या आजाला ठाऊक होतं, बापाला ठाऊक होतं, या धर्मकालाही ठाऊक आहे. म्हणून आमच्या घराची रीत आहे. प्रश्न असा करायचा की उजवा कौल पडला तर कुणाचं तरी भलं व्हावं. देवीची आमची सगळी सेवा ती तेवढीच. बाकी फुलं काय, कुणीही वाहील."

"म्हणजे इतक्या पिढ्या तुम्ही आम्हाला फसवलंत?" राजा म्हणाला.

"लेकीसाठी देवीला खोटं पाडतोय!" गर्दीतून आवाज आला. घटकेपूर्वी त्याला निःस्पृह म्हणणारे हेच लोक. धर्मक खाली पडलेल्या पाकळ्या वेचू लागला.

"मी खोटा असेन," सुनंद म्हणाला. "मग बाहेर जाऊन बघा. देवीने डोळे कशाला दिलेत?"

कुणी जागचे हलले नाही.

"मग मला तरी जाऊ द्या."

"जा," राजा म्हणाला. "पण परत आत येणं नाही."

सुनंदाने कावडीला दोन घागरी लावल्या. वेस माणसापुरती उघडली आणि लगेच मिटली. बाहेर साथीचा एकही रोगी नव्हता. सगळी भाजलेली, तहानलेली माणसे होती. साठ तोंडांना दोन घागरी कितीशा पुरणार? सुनंदाने रिकाम्या घागरी तटाखाली नेऊन हाका मारल्या, घसा बसेपर्यंत मारल्या. पण दोराने घागर सोडायची तर तिच्यासाठीही कौल लावावा लागला असता.

उत्पला एका कातळाच्या सावलीत पडली होती. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले होते. बापाने ओंजळीने पाजलेले चार घोट पिऊन तिने विचारले, "बाबा, कौल कुणी लावला?"

"धर्मकाने."

"तुम्ही का नाही लावलात?"

"तू बाहेर होतीस, बाळ. माझं मन स्वच्छ राहिलं नसतं."

ती म्हणाली, "म्हणजे मी तुमची लेक नसते, तर वाचले असते."

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. पाचव्या दिवशी जी एकोणीस माणसे उरली, त्यांना घेऊन तो डोंगर उतरला आणि नदीच्या शोधात निघाला. कुरुंदकडे त्याने पुन्हा तोंड केले नाही.

नगरात कुणालाही फोड आला नाही. यायचा कुठून? पण नगराला पटले की देवीनेच तारले. पुढच्या वर्षापासून त्या दिवशी जत्रा भरू लागली. वेशीला तोरण बांधीत, गोडाधोडाचे जेवण करीत, आणि थोरला पुजारी झालेला धर्मक देवीच्या सत्याची गोष्ट सांगे. लोक डोळे पुशीत ऐकत.

पुढे बुद्ध झालेल्या बोधिसत्त्वाने, म्हणजे शास्त्याने, ही कथा विहारात सांगितली, ती वीरक नावाच्या भिक्षूला. सोबतचा एक भिक्षू तापाने पडला असता वीरक तीन दिवस आसनावर बसून होता. त्याच्याकडे जावे की ध्यान सोडू नये, याचा संकेत देवता देईल म्हणून तो वाट पाहत होता.

"वीरका," शास्ता म्हणाला, "तेव्हाचा राजा महीधर तो तूच. धर्मक म्हणजे तुझ्या शेजारी मान खाली घालून बसलेला हा तुझा मित्र. आणि आपलं मन स्वच्छ ठेवून लेकीला उन्हात ठेवणारा पुजारी तो मी. शील माझ्याजवळ होतं, प्रज्ञा नव्हती. प्रज्ञा पूर्णत्वाला नेणाऱ्या प्रज्ञापारमितेचा पहिला धडा मला उत्पलेने दिला, आणि तो देऊन तिला काही मिळालं नाही."

वीरकाने दबक्या आवाजात विचारले, "आणि उत्पला, भन्ते?"

"तू ज्याच्याकडे गेला नाहीस तो भिक्षू तीच; शेवटच्या कुटीत तापाने फणफणते आहे," शास्ता म्हणाला. "सकाळपासून तिला कुणी पाणी दिलेलं नाही."