पिंजऱ्याबाहेरची सोबत

खूप वर्षांपूर्वी एका गावाबाहेर टाकून दिलेल्या कुत्र्या-मांजरांचा निवारा होता. तिथे भुऱ्या नावाचा म्हातारा कुत्रा राही. नवा प्राणी भेदरून आला की भुऱ्या त्याच्या पिंजऱ्याबाहेर पडून राही आणि त्याने घास घेईपर्यंत हलत नसे. काजळी मांजरीने आल्या दिवशीच त्याचं नाक ओरबाडलं होतं, तरी तो दोन दिवस तिथून उठला नव्हता.

एके सकाळी, निवाऱ्यात सेवेला येणाऱ्या इंदूताई म्हणाल्या, "भुऱ्या, चल. आजपासून तू आमच्याकडे राहायचं."

भुऱ्याची शेपटी हलली आणि थांबली. कालच आणलेलं कुत्र्याचं पिल्लू कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात थरथरत होतं. त्याने पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं.

"हे जेवेपर्यंत मी कसा जाऊ?" भुऱ्या पुटपुटला.

काजळीने ते ऐकलं. ती कुत्र्यांच्या जवळ कधी जात नसे. पण आज ती फळीवरून उतरली, भीतीने अंग फुगवून पिंजऱ्याशी आली आणि जाळीला पाठ टेकून बसली.

"जा तू," ती म्हणाली. "मला गोड बोलता येत नाही, पण बसता येतं."

दारापर्यंत जाऊन भुऱ्याने मागे वळून पाहिलं. पिल्लाचं नाक जाळीतून काजळीच्या पाठीला लागलं होतं, आणि ती हलली नव्हती.