पोथीच्या वाटेचे खिंडार

डोंगरसावळीच्या मठाला छातीइतकी उंच, चांगली रुंद दगडी भिंत आहे आणि रस्त्याच्या अंगाला त्या भिंतीत भले मोठे खिंडार आहे. नवे पाहुणे हमखास विचारतात, "एवढा मोठा मठ, पण खिंडार बुजवायला गवंडी मिळत नाही का?" गवंडी पुष्कळ मिळतात, पण ते बुजवायचे नाही. का, ते इथली जुनी माणसे सांगतात.

फार पूर्वी या मठात औषधींची एक पोथी होती, ब्याण्णव पानांची. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती म्हणे. मठाच्या शिष्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता. पावसाळ्यात दमटलेली पोथी आश्विनात तीन दिवस भिंतीवर उन्हात मांडत, आणि त्या दिवसांत परक्याला आवारात मज्जाव असे.

त्याच काळात गोजराबाई नावाची एक कासारीण बारा गावांत बांगड्या भरत फिरे. बांगड्या भरताना बाईचा हात हातात येतो. त्याची धग कळते, आणि बाई मनातलेही बोलते. कोणत्या गावात कोणता पाला कशावर देतात, हे सगळे गोजराबाईने असे जमवले होते. बापाने अक्षरओळख करून दिलेली, त्यामुळे ती ते लिहूनही ठेवी. तिची एकुलती लेक चंपा बाळंतज्वराने गेली होती. त्या ज्वरावरचे औषध मठातल्या पोथीत होते की काय, हा प्रश्न गोजराबाईला जेवू देत नव्हता.

ती मठात गेली. महंत केवळपुरी गादीवर बसले होते.

"तुझे गुरू कोण?"

"गुरू न्हाई, म्हाराज. बाया सांगत्यात, मी ध्यानात ठेवते."

"मग पोथी तुझ्या काय कामाची?" असे म्हणून महाराजांनी अंगारा दिला आणि तिला वाटेला लावले.

गोजराबाई वाटेला लागली खरी, पण ती वाट भिंतीलगतच जात होती. आश्विनात ती रस्त्यावर उभी राहून भिंतीवरची पाने वाचू लागली. बघायला काही मनाई नव्हती. दुपारी शिष्य पाने उलटत, तोवर ती उन्हात थांबे आणि मागची बाजू वाचून मगच निघे. अशी सात वर्षे गेली. शेवटची अकरा पाने तेवढी तिच्या नजरेला पडली नाहीत. ती बाळंतपणाची, चारचौघांत कशाला, म्हणून ती आतल्या अंगणात वाळत. नेमकी तीच तिला हवी होती!

आठव्या वर्षी महाराजांना एक नवाच सोवळेपणा सुचला. पाने उडू नयेत म्हणून त्यांवर गोटे ठेवत. महाराज म्हणाले, "पोथी म्हणजे देवता. देवतेच्या डोक्यावर दगड ठेवता? फुले ठेवा." शिष्यांनी झेंडूची फुले ठेवली. दुपारी वावटळ उठली आणि भिंतीवरची आणि अंगणातली मिळून सगळी पाने आभाळात गेली. गावाने बाभळींतून, ज्वारीतून पाने वेचून आणली. एकही हरवले नाही, पण क्रम कोणालाच लावता येईना. कडा वाळवीने खाल्ल्यामुळे पानांवरचे आकडे केव्हाच गेले होते.

"म्हाराज," रस्त्यावरून गोजराबाई म्हणाली, "ते अडुळशाचं पान निर्गुडीच्या मागं लागतं. अन् ते खालचं, गुळवेलीचं, त्याच्या आदी."

महाराजांनी ती पाने तशी लावून पाहिली; मजकूर जुळला. मग म्हणाले, "बाई, आम्ही हिची पूजा केली, वाचली तूच." एकेक पान भिंतीवरून देता घेता हात अवघडले, तेव्हा त्यांनी स्वतः पहार आणली आणि समोरचे दगड उचकटून तिला आत घेतले.

तीन दिवसांत एक्याऐंशी पाने लागली. उरलेली अकरा तिने एका बैठकीत वाचून काढली. बाळंतज्वरावर तीनच ओळी होत्या, आणि त्यांतली दोन्ही औषधे तिने चंपाला दिलेलीच होती.

गोजराबाई तिथेच बसून रडली. महाराज घाबरले. "काय झाले?"

"काय न्हाई, म्हाराज. बरं वाटलं. माझी पोर तुमच्या कुलपापायी गेली, असं मला इतकी वर्सं वाटत हुतं." डोळे पुसून ती म्हणाली, "पर ह्यात दोनच औषधं हाईत. आता मला सात ठावं हाईत."

"मग लिही की," महाराज म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा बोरू तिच्यापुढे ठेवला. ते पान पोथीचे त्र्याण्णवावे झाले, असे सांगतात.

आजही आश्विनात त्याच खिंडारातून इथे कोणी दाई येते, कोणी वैदू येतो, घरच्या घरी अभ्यास करणारा एखादा निवृत्त पोस्टमास्तरही येतो. कोणाच्या मागे ना शाळा, ना संस्था. त्यांना पोथी हातात मिळते, जेवायला गावात घर मिळते. जाताना ज्याने त्याने आपल्याला ठाऊक असलेले एक पान लिहून खाली नाव आणि गाव घालायचे, असा रिवाज आहे. आता ती पोथी उन्हात न्यायला दोन माणसे लागतात.