गाठ मारणारी आणि गाठ सोडणारी

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा डोंगर आताएवढेच उंच होते, दऱ्याही आताएवढ्याच खोल होत्या, पण माणसं आणि जनावरं एकमेकांशी बोलत असत. आता माणसं माणसांशीच धड बोलत नाहीत, ते जाऊ द्या.

एका दरीच्या काठावर दोर वळणाऱ्यांचं गाव होतं. अंबाडी भिजवायची, सोलायची, तिच्या धाग्यांचा वाख काढायचा आणि दोर वळायचा, हेच तिथलं काम. दरीवर त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेला दोरांचा पूल होता. पलीकडे जंगल होतं, आणि जंगलापलीकडे बाकीचं जग. तिकडे जायला दुसरी वाट नव्हती.

त्या गावात सगुणा आणि मंजुळा नावाच्या दोन मुली राहत. दोघी सोळा वर्षांच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी. एकीला ठेच लागली की दुसरीच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण एका गोष्टीवर त्यांचं कधी पटलं नाही, ती म्हणजे माया कशी करावी.

सगुणा लहान असताना तिचा बाप पूल ओलांडून गेला तो परत आलाच नाही. आईला उंबऱ्यात बसून वाट बघताना तिनं रोज पाहिलं होतं. ती म्हणायची, "आपलं माणूस घट्ट धरून ठेवावं. हात सैल पडला की गेलंच समज."

मंजुळाच्या थोरल्या बहिणीला आईबापांनी मायेपोटीच घराबाहेर पडू दिलं नव्हतं. मागणी आली तीही परत पाठवली. ती पोर घरात बसून बसून मुकी झाली. त्यामुळे मंजुळा म्हणायची, "माया असली तर मोकळं सोडावं. कोंडून ठेवलेलं माणूस काय, नुसतं श्वास घेतं."

खरं सांगायचं तर दोघींचंही दुखणं खरं होतं. पण आपलं दुखणं हेच जगाचं शहाणपण, असं सोळाव्या वर्षी वाटतं. काहींना साठाव्या वर्षीही वाटतं.

गावची एक रीत होती. मुलीला सोळावं लागलं की तिनं स्वतः वळलेला पहिला दोर कड्यावरच्या देवीला वाहायचा आणि एक मागणं मागायचं. मुली बहुधा बरा नवरा मागत आणि देवी ऐकून न ऐकल्यासारखं करी. त्या वर्षी मात्र तिनं कान दिला.

सगुणा म्हणाली, "आई, मी मारलेली गाठ कधी सुटू नये."

मंजुळा म्हणाली, "आई, मी हात लावीन ती गाठ सुटावी."

देवी हसली. "दिलं. पण हे दोराचं देणं आहे, दोरापुरतंच वापरा. जित्या जिवावर चालवलंत, तर दोघींच्याही हातात काही उरणार नाही."

दोघींनी मान डोलावली. त्या वयात मान फार लवकर डोलते.

त्यांनी एक हरणाचं पाडस वाढवलं होतं. आई मेलेलं, पुलाच्या तोंडाशी सापडलेलं. अंगावर कवड्यांसारखे पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव कवडी. सकाळचं दूध सगुणा पाजायची, संध्याकाळी मंजुळा तिला कुरवाळत बसायची. कवडी मोठी झाली आणि एके सकाळी दरीपलीकडून हरणांच्या कळपानं साद घातली. तिनं कान टवकारले आणि ती पुलाकडे निघाली.

सगुणानं ते पाहिलं. बाप गेला तोही याच पुलावरून. तिनं हातातला दोर कवडीच्या गळ्यात टाकला आणि गाठ मारली.

"सोड तिला!" मंजुळा धावत आली आणि तिनं गाठीला बोट लावलं. गाठ गळून पडली.

"तुला काय गं त्याचं? ती गेली तर?"

"गेली तर गेली! तिची ती जाईल. तू काय तिला खुंट्याला बांधणार?"

"आणि तू तिला वाघाच्या तोंडी देणार!"

सगुणाचं भान सुटलं. तिनं वाऱ्यालाच गाठ मारली. झाडावरचं पान जागच्या जागी थिजलं. मंजुळानं हवेत हात फिरवला, तसा कोंडलेला वारा असा सुटला, की घरांवरचं गवत उडालं. सगुणानं दरीतल्या ओढ्याला गाठ मारली आणि पाणी ढिगासारखं उभं राहिलं. मंजुळानं तेही सोडलं. पाणी कडे फोडत खाली कोसळलं. गावकरी दारं लावून बसले. दोघींच्या भांडणात शिरायची कुणाची छाती?

बिचारी कवडी भेदरली आणि पुलावर धावली. ती अर्ध्यावर पोचली तेव्हा सगुणानं शेवटचा डाव टाकला. तिनं कवडीच्या सावलीला गाठ मारली आणि ती सावली पुलाच्या फळीला बांधून टाकली. कवडीचा पाय उचलेना. ती ओरडली, "अगं, ऐका माझं!"

पण मंजुळा पुलाच्या दोरावर दोन्ही तळहात ठेवून किंचाळली, "सूट!"

सावली सुटली. तिच्याबरोबर सात पिढ्यांनी पुलाला मारलेली प्रत्येक गाठही सुटली.

फळ्या दरीत पडू लागल्या. कवडीनं जिवाच्या आकांतानं उडी घेतली आणि ती पलीकडच्या कड्यावर पोचली. मंजुळाच्या पायाखालचा कड्याचा काठ ढासळला आणि ती दरीकडे घसरली. सगुणानं तिचं मनगट पकडलं आणि तिला वर ओढलं. त्या घडीला तिनं कुठलीही गाठ मारली नव्हती, नुसता हात धरला होता. पण हे तिच्या ध्यानात यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली.

दरीत धूळ खाली बसली. पलीकडून कवडीचा आवाज आला.

"सकाळी कळपाबरोबर चरावं आणि संध्याकाळी तुमच्याकडे घरी यावं, एवढंच मला हवं होतं गं. एकीनं तरी मला विचारायचं होतं."

बोलणारं जनावर घरात होतं. दोघी दिवसभर तिच्याशी बोलत होत्या. ये म्हणत, बस म्हणत, गाणी म्हणत. पण तुझ्या मनात काय आहे, हे काही त्यांनी कधी विचारलं नाही.

सगुणानं तुटल्या दोराला गाठ मारून पाहिली. ती लगेच उकलली. मंजुळानं एक साधी गाठ सोडायला घेतली, तर तिची नखं तुटली. देवीनं आपलं देणं परत घेतलं होतं.

गावचा म्हातारा पाटील दोघींना म्हणाला, "पोरींनो, आपल्या गावाची चाल तुम्हाला ठाऊक आहे. पूल ज्यानं तोडला, त्यानंच त्याचा पहिला दोर वळायचा. तो दरीपलीकडे टाकून ओढला की पुढं सारा गाव हात लावील."

आता एवढा जाड दोर एकट्यानं वळता येत नाही. एकानं टोक ताणून धरावं लागतं आणि दुसऱ्यानं पीळ द्यावा लागतो. म्हणजे दोघींना एकत्र यायला हवं होतं, आणि तेच होईना.

सगुणा म्हणायची, "पूल तिनं सोडला. तिनं आधी माझ्या दारी यावं." मंजुळा म्हणायची, "गाठ आधी तिनं मारली. आधी तिनं यावं." एक वर्ष गेलं, दोन गेली, बघता बघता सहा गेली.

कवडी मात्र रोज संध्याकाळी पलीकडच्या कड्यावर येऊन उभी राहायची. सगुणा देवळाच्या आडून तिला बघायची. मंजुळा ओढ्याकडच्या खडकामागून बघायची. दोघींना ठाऊक होतं, की दुसरीही आली आहे. दोघी मान वळवून घरी जायच्या. सगुणाला तेव्हा वाटायचं, उद्या जाईन तिच्याकडे, आज नको. किती संध्याकाळी तिनं अशा घालवल्या, हे आठवलं की पुढं जन्मभर तिला अन्न गोड लागलं नाही.

सातव्या वर्षी जंगलात पाऊस झाला नाही. एका संध्याकाळी कवडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी सगुणा अंबाडीचा वाख घेऊन मंजुळाच्या दारात उभी राहिली.

"टोक धरतेस?"

 मंजुळा बाहेर आली आणि तिनं टोक धरलं. दोघी रडत रडत पीळ देत राहिल्या. दोर झाला, मग गाव आला, दोराचा फास पलीकडच्या खडकात अडकवला आणि दोन महिन्यांत पूल उभा राहिला. मनात आणलं असतं तर तो पहिल्याच वर्षी उभा राहिला असता.

दोघी हातात हात घालून पलीकडे गेल्या. कड्यावर एक म्हातारं काळवीट बसलं होतं.

"कवडी कुठं आहे?" सगुणानं विचारलं.

"चारा संपला तसा कळप लांबच्या कुरणात गेला," काळवीट म्हणालं. "तिला मी फार विनवलं. ती हलली नाही. म्हणायची, पूल झाला आणि मी इथं नसले तर त्या पोरी घाबरतील. इथंच उपाशी गेली बिचारी."

 सगुणानं विचारलं, "आमच्यावर रागावली होती का हो?"

"रागावली? छे. शेवटी शेवटी तिला लांबचं दिसेनासं झालं होतं. रोज संध्याकाळी मलाच विचारायची, 'काळवीटदादा, बघा ना, त्या दोघी आज एकमेकींजवळ उभ्या आहेत का?'"

"मग तुम्ही काय सांगायचात?" मंजुळानं विचारलं.

म्हाताऱ्या काळवीटानं मान खाली घातली. "मी खोटं बोलायचो, पोरी. हो म्हणायचो."

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही ऐका: ज्याच्यावर माया आहे त्याच्या मनातलं न विचारता केलेली माया हा नुसता हट्ट असतो, आणि हट्टाची किंमत नेहमी मायेचा जीवच मोजतो.