मशीन खुडूक झाली

नदीकाठच्या एका गावात सारजाबाई कोंबड्या पाळत असे. तिची तांबडी कोंबडी फार थकली होती. अंडी देऊन देऊन नाही, आंघोळी करून करून. कोंबडी अंडी द्यायचं थांबवून पिसं फुगवून बसली, की खेड्यात म्हणतात, ती खुडूक झाली. म्हणजे तिला आता आई व्हायचं असतं. पण सारजाबाईला अंडी हवी असत. तांबडी खुडूक झाली की बाई तिला गार पाण्यात बुचकळून काढी. तांबडी पुन्हा बसे, बाई पुन्हा बुचकळे. दोघीही या प्रकाराला कंटाळल्या होत्या.

शेवटी सारजाबाईने अंडी उबवायची मशीन आणली. मशीनने न थांबता घरघर करत अंडी उबवली आणि पिल्लं बाहेर आली. त्यांनी जन्मल्याबरोबर ती घरघर ऐकली, म्हणून मशीनच त्यांची आई झाली. अंगणात दाणे टिपून झाले, की ती पळत मशीनच्या उघड्या दारातून आत शिरत.

पण घार आली, हे मशीनला कसं कळणार? घार वर घिरट्या घाली आणि पिल्लं खुशाल मान वर करून तिच्याकडे बघत. एक पिल्लू गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी एक गेलं. तांबडी कोपऱ्यातून जीव तोडून ओरडली, पण परक्या बाईचं कोण ऐकतं?

दिवस मावळताना ती मशीनजवळ आली. "बाई, लेकरांना लपायला शिकव की गं."

"आक्का, मला नुसती ऊब देता येते. तूच शिकव."

"माझ्याजवळ येत्यात कुठं ती? ऊब तुझ्याकडं हाय."

मशीन बराच वेळ घरघरत राहिली. तीही शिणली होती. पिल्लांची खुडबुड तिला आवडायला लागली होती, हे मात्र तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मग तिने घरघर थांबवली आणि ती गार पडली.

पिल्लं थोडा वेळ तिच्यातच चिवचिवत बसली. मग थंडी सोसेना, तेव्हा कुडकुडत तांबडीच्या पंखाखाली शिरली.

सकाळी सारजाबाईने मशीनचं बटण दाबलं, तिला थापट्या मारल्या, मग कपाळाला हात लावला. "घ्या! ही बी खुडूक झाली!" असं म्हणून तिने मशीन अडगळीत नेऊन टाकली. बाई रागात बोलली, पण बरोबर बोलली.

तेवढ्यात अंगणात घारीची सावली पडली. तांबडीने एकदाच हाक दिली. सगळी पिल्लं तिच्या पंखाखाली गेली आणि घार रिकामी परतली. सारजाबाई बघत उभी राहिली. तिने तांबडीला पुन्हा कधी बुचकळलं नाही.

अडगळीतून मशीनला अंगण दिसत नव्हतं. पिल्लांची चिवचिव तेवढी ऐकू येत होती. तिच्यावर धूळ साचत गेली, पण ती पुन्हा घरघरली नाही.

तात्पर्य: लेकराला ऊब देणं हे निम्मं आईपण. वेळ आली की आपली ऊब आवरून त्याला दुसऱ्याच्या पंखाखाली जाऊ देणं हे उरलेलं निम्मं, आणि माणूस दमतो तो त्यानेच.