उंबऱ्यावरचे चार महिने

फार फार पूर्वी, डोंगर झोपेत कूस बदलायचे तेव्हाची गोष्ट. एका राज्यात एक तळं होतं. त्यावर बारा महिने धुकं असायचं, दुधावर साय धरावी तसं. मधोमध बेट होतं आणि बेटावर एक कासवीण राहायची. किती म्हातारी, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिच्या पाठीवर शेवाळ होतं आणि शेवाळात इवली इवली निळी फुलं.

वैद्यकी शिकलेल्या कुणालाही त्या राज्यात आपल्या मनाने रोग्याला हात लावता यायचा नाही. आधी बेटावर जायचं, कासविणीच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. मग ती कमळाच्या पानावर आपला पाय उमटवायची. तोच नव्या वैद्याचा परवाना. ते पान कधी सुकायचं नाही.

एका पहाटे धनगराची एक लेक होडीतून बेटाकडे निघाली. सात वर्षं शिकली होती ती. वल्हं तिच्या आत्याच्या हातात होतं, आणि आत्याचं तोंड वल्ह्याहून जोरात चालत होतं.

“उंबऱ्याचं काही बोलायचं नाही. ऐकलंस?”

“आणि विचारलं तर?”

“तर नाही म्हणायचं. तुझ्या वैद्यबाई गेल्या वारून. आता काय उंबरा उठून साक्ष द्यायला येणार आहे?”

पोर होडीतलं पाणी ओंजळीने बाहेर टाकू लागली.

उंबऱ्याचं असं झालं होतं. तिसऱ्या वर्षी तिने एका म्हाताऱ्याची नाडी पाहिली. भीतीने त्याच्या मनगटावर बोटं इतकी दाबली, की तिला स्वतःच्याच बोटांतले ठोके लागले. ते तर धावत होते! ताप आहे म्हणाली आणि थंडाव्याचा काढा त्याच्या ओठांशी नेला. म्हातारा आधीच गार पडत चालला होता. वैद्यबाईंनी वाटी हिसकावली म्हणून जगला.

त्या पाठशाळेत अशा चुकीला मार नव्हता. चार महिने उंबऱ्यावर बसवायचे. आतलं सगळं ऐकायचं, बघायचं, पण रोग्याला बोट लावायचं नाही. येणारे जाणारे चपला काढता काढता तिच्याकडे बघून जायचे. चार महिन्यांनी बाईंनी परीक्षा घेतली आणि तिला आत घेतलं. पोर पुढे चांगली शिकली. पण घाबरली की बोटं अजून दाबायची. हे दुसऱ्या कुणाला नाही, तिला माहीत होतं.

होडी बेटाला टेकली. धुक्यातून आवाज आला.

“किती वर्षं शिकलीस?”

“सात.”

“कधी उंबऱ्यावर बसवलं होतं?”

शेवाळातली फुलं डुलायची थांबली. पोरीने हळूच विचारलं, “खोटं बोललं तर तुम्हाला कळतं?”

“कसं कळणार बाई? मी कासवीण आहे, देव नाही. तू सांगशील तेच मी धरणार. म्हणून तर विचारते.”

पोरीला हायसं वाटलं. तिथेच माती खाल्ली तिने. “नाही,” म्हणाली.

“बरं.” कासविणीने पानावर पाय उमटवला. “मग खिंडीपलीकडच्या गावी एकटी जा. शंभर घरं आहेत नि वैद्य एकही नाही. जिला कधी अडलं नाही तिलाच मी एकटीला पाठवते. उंबऱ्यावर बसलेल्यांना जाणत्या वैद्याच्या हाताखाली देते. वेळेला कुणी हात धरायला नको का?”

होडी परत फिरली. मांडीवर पान हिरवंगार. आत्या खुशीत गुणगुणत होती. आणि धुक्यात पोरीला ते गाव दिसायला लागलं. पांढरी घरं, पांढरी दारं, दारादारांत माणसं, प्रत्येकाने मनगट पुढे केलेलं. ती एकेक मनगट धरत होती आणि प्रत्येकात तिचेच ठोके वाजत होते. वाटी हिसकावायला कुणी नव्हतं.

“आत्या, होडी वळव.”

“का गं? काय विसरलीस?”

“खोटं बोललेय मी. ते परत घ्यायचंय.”

“डोकं फिरलंय का? हातात आलेलं पान...”

“वळवतेस की उडी टाकू?”

आत्या धनगराचीच बहीण. पोर उडी टाकेल हे तिला पक्कं ठाऊक होतं. वळवली तिने होडी, पण शिव्या घालत वळवली.

पोरीने पान कासविणीपुढे ठेवलं. म्हातारा, वाटी, चार महिने, अजून दाबणारी बोटं, सगळं सांगितलं. कासविणीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने ते पान पाण्यात सोडून दिलं.

“उंबऱ्यासाठी मी तुला अडवलं नसतं गं. आधीच सांगतीस तर आजच परवाना मिळाला असता, वर शिकवणारं माणूस. आता खोटं बोलल्याचं एक वर्ष थांब. पुढल्या वर्षी ये, आणि हेही तेव्हा सांग.”

“घ्या!” आत्या म्हणाली. “काय मिळालं खरं बोलून?”

पोर रडली. खरं बोललं की लगेच मनाला गार वाटतं, असं सांगणारे सांगोत. तिला काही वाटलं नाही. वर्षभर तिने बापाची मेंढरं राखली आणि त्यांच्या मांडीतली नाडी बघत बसली, हलक्या बोटांनी, पीस धरावं तशी. पुढल्या वर्षी उंबराही सांगितला, खोटंही सांगितलं. परवाना मिळाला, आणि एका म्हाताऱ्या वैद्याचा हात तिच्या हातावर आला.

खिंडीपलीकडच्या गावी पहिल्याच वर्षी तिच्याऐवजी दुसरीच कुणी गेली होती, जिला खरोखर कधी उंबऱ्यावर बसावं लागलं नव्हतं. त्या हिवाळ्यात तिथे मोठा गारठा पडला. एकामागून एक माणसं गार पडत गेली, आणि तिने प्रत्येकाची नाडी ओळखून ऊब दिली. ती माणसं पुढे कितीतरी वर्षं सकाळी उन्हात बसून भाकरी मोडत राहिली, नातवंडांवर ओरडत राहिली. एक होडी अर्ध्या तळ्यातून मागे वळली होती, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

बोध इतकाच: लपवलेली चूक आपल्यापाशी राहत नाही, ती दुसऱ्या कुणाला तरी भोगावी लागते.